पुण्याचा जहाजांशी संबंध काय? संग्रहालयाच्या विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व विश्वस्त,

स. न. वि. वि.

जहाज दालनाच्या दारावर आपण चिकटवलेली सूचना वाचली. ‘सदर विभागाचा पुणे शहराशी थेट संबंध नसल्याने व प्रतिसाद अल्प असल्याने’ दालन पुढच्या महिन्यापासून बंद, प्रतिकृती गोदामात, आणि त्या जागेत वातानुकूलित बहुउद्देशीय सभागृह. खाली सही आणि शिक्का. संस्थेचे नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. ज्यांनी दालन पाहिले आहे ते ओळखतील, आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांनाही हे पत्र वाचायला अडचण येऊ नये, कारण माझे भांडण त्या सूचनेतल्या एका वाक्याशी आहे.

मी पिंपरीच्या एका कारखान्यात पॅटर्न मेकर होतो. वितळलेले लोखंड ओतण्याआधी वाळूत ज्याचा ठसा उमटवायचा, तो लाकडी पॅटर्न घडवणे हे माझे काम. निवृत्त झाल्यावर आपल्याच आधीच्या मंडळाने बोलावले आणि तेव्हापासून या जहाजांची डागडुजी माझ्याकडे आली. मानधन नव्हते, मी मागितलेही नाही. दालनातली तीन डोलकाठ्यांची गुराब, म्हणजे मराठी आरमारातले शिडाचे लढाऊ जहाज, माझ्या हातची आहे. तेव्हा मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आता त्या वाक्याचा पहिला भाग घेऊ. ‘पुणे शहराशी थेट संबंध नाही.’

मराठी आरमाराच्या इतिहासातला सर्वात वाईट दिवस कोणता, असे कोणी विचारले तर मी १२ फेब्रुवारी १७५६ सांगेन. त्या दिवशी विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. समुद्राकडून ॲडमिरल वॉटसनची जहाजे तोफा डागत होती. इंग्रजांच्या जमिनीवरच्या तुकडीचा प्रमुख होता रॉबर्ट क्लाइव्ह, प्लासीच्या आदल्या वर्षीचा. आणि किल्ल्याच्या मागे तळ ठोकून बसलेली फौज कोणाची होती? पेशव्यांची. तुळाजी पुण्याला जुमानत नव्हता हे खरे. त्याचा बंदोबस्त करायला नानासाहेबांनी मुंबईकर इंग्रजांशी हातमिळवणी केली. आदल्या वर्षी कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला, तोही याच करारात. विजयदुर्गाच्या बंदरात जहाजे एकमेकांना बांधल्यासारखी दाटीने उभी होती. ईस्ट इंडिया कंपनीचेच एक जहाज, ‘रिस्टोरेशन’, आंग्र्यांनी पूर्वी पकडून आपल्या ताफ्यात घेतले होते. इंग्रजांचा एक पेटता गोळा त्या जहाजावर पडला, ते भडकले आणि तिथून आग साऱ्या ताफ्यात पसरली. कान्होजींनी ज्या आरमाराचा दरारा अख्ख्या कोकण किनाऱ्यावर बसवला होता, ते काही तासांत संपले. किल्ला आणि आतली लूट इंग्रजांनी आधी स्वतःकडेच ठेवली. पुढे त्याच वर्षी पुण्याला तह होऊन किल्ला परत मिळाला, तोही बाणकोट देऊन.

हा निर्णय मुंबईत एकट्याने झाला नाही आणि साताऱ्यातही झाला नाही. तो पुण्यात झाला. विल्यम जेम्सच्या विधवेने १७८४ साली लंडनमध्ये शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ एक मनोरा बांधला आणि त्याला सुवर्णदुर्गाचेच नाव दिले. तो मनोरा आजही उभा आहे. लंडनच्या एका टेकडीला आपल्या आरमाराशी संबंध सांगता येतो आणि पुण्याच्या संग्रहालयाला सांगता येत नाही, हे वाक्य लिहिताना मला मौज वाटत नाही.

बरे, पुण्याने जाळले तसे पुण्याने पुन्हा उभेही केले. विजयदुर्गावर पेशव्यांचे स्वतःचे आरमार होते, त्याचे सुभेदार आनंदराव धुळप. एप्रिल १७८३ मध्ये धुळपांनी कंपनीचे ‘रेंजर’ हे जहाज लढून पकडले. म्हणजे विजयदुर्गाच्या पाण्यात काय घडते याचा हिशेब ज्या गावात द्यावा लागे, ते गाव हेच. माझी गुराब त्या काळातली आहे. तीन डोलकाठ्यांची गुराब तीनशे टनांपर्यंत भरे, दोन डोलकाठ्यांची साधारण दीडशे. नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, लांब काढलेली, त्या नाळेवरून थेट समोर मारा करणाऱ्या तोफा. बरोबर गलबते, फार तर सत्तर टनांची, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. वारा पडला की मोठी युरोपीय जहाजे जागच्या जागी डुलत राहत, आणि ही गलबते वल्ह्यांनी गुराबांना ओढत त्यांच्या पिछाडीला आणून सोडत, जिथे त्यांच्या तोफा पोचत नाहीत. गुराब आणि गलबत शेजारी शेजारी ठेवली तरच हे कळते. आपण गेल्या वर्षी ‘जागा कमी पडते’ म्हणून गलबत जिन्याखाली हलवले. आता गुराब एकटीच उभी आहे आणि पाहणाऱ्याला वाटते, एवढ्याशा जहाजाने इंग्रजांना काय त्रास दिला असेल!

आजच्या संबंधाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण हे आपल्यालाही ठाऊक असायला हवे. नौदलाचे इंजिनीअर जिथे घडतात ती ‘आयएनएस शिवाजी’ १९४५ पासून लोणावळ्याला आहे, पुणे जिल्ह्यात. एनडीएचे, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे, छात्र शिडाची बोट हाकायला शिकतात ते खडकवासल्याच्या जलाशयात, पीकॉक बे येथे. देशातल्या बंदरांत लाटा आणि गाळ कसा वागेल, हे आधी छोट्या प्रतिकृतीत पाहिले जाते तेही खडकवासल्यालाच, केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात. समुद्र नसलेल्या या जिल्ह्यात समुद्राचे एवढे काम चालते.

आणि विक्रांत, आपल्या नौदलाची पहिली विमानवाहू नौका. तिच्याबद्दल मात्र मी थोडक्यात सांगणार नाही.

विक्रांतचा सांगाडा दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये ‘हर्क्युलिस’ या नावाने तयार झाला. युद्ध संपले, काम अर्धवट राहिले, भारताने ते जहाज घेतले आणि ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला विजयालक्ष्मी पंडितांच्या हस्ते ते नौदलात दाखल झाले. १९७१ च्या युद्धात तिच्या चारपैकी एका बॉयलरला तडा गेलेला होता. विमानवाहू जहाजाला वेग हवा असतो तो कुठे लवकर पोचायला नव्हे, तर विमान उडताना डेकवर पुरेसा वारा मिळावा म्हणून. वेग कमी म्हणजे वारा कमी, आणि वारा कमी म्हणजे सी हॉक विमान बॉम्बसह उचलले जाईल की नाही, याची शंका. तरीही ४ डिसेंबरपासून तिच्या विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. तिला बुडवायला पाकिस्तानने ‘गाझी’ पाणबुडी बंगालच्या उपसागरात धाडली होती. विक्रांत अंदमानकडे दडवून ठेवली, विशाखापट्टणमला ‘राजपूत’ या जुन्या विनाशिकेने विक्रांत असल्याची बतावणी केली, आणि गाझी त्याच बंदराच्या तोंडाशी बुडाली. दालनात हे तीन नमुने एका ओळीत होते, ते माझ्या आग्रहाने. शाळेतली मुले इथे सर्वात जास्त वेळ थांबत.

३१ जानेवारी १९९७ ला विक्रांत निवृत्त झाली. काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली. मग ‘देखभाल परवडत नाही’ या कारणाने २०१४ मध्ये भंगारात गेली. त्या भंगारातला काही धातू पुण्याच्या बजाज ऑटोने विकत घेतला आणि २०१६ मध्ये ‘व्ही’ नावाची मोटारसायकल आली, तिच्या पेट्रोलच्या टाकीत विक्रांतचे पोलाद होते. कर्वे रस्त्याच्या सिग्नलला अशी गाडी शेजारी उभी राहिली की मी टाकीकडे बघतो. चालवणाऱ्याला बहुधा ठाऊकही नसते. थेट संबंध म्हणजे याहून आणखी कसला हवा, विश्वस्तहो?

विराट या दुसऱ्या विमानवाहू नौकेचीही तीच गत. तिच्यासाठी २०१८ साली राज्य मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवतीजवळ ८५२ कोटींच्या संग्रहालयाला मंजुरी दिली होती. कागदावर मंजुरी राहिली आणि २०२० मध्ये विराट अलंगला तोडायला गेली. फॉकलंडच्या युद्धात ब्रिटिश आरमाराचे प्रमुख जहाज राहिलेली, नंतर तीस वर्षे आपली सेवा केलेली नौका आपण वाचवू शकलो नाही. खरी जहाजे ठेवायला शेकडो कोटी लागतात, मी मान्य करतो. पण तिची दीड हात लांबीची प्रतिकृती ठेवायलाही आपल्याला जागा नाही, एवढे मात्र मान्य करणे जड जाते.

दुसरीकडे काय होते तेही बघा. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानात बांधलेली ‘त्रिंकोमाली’ १८१७ साली पाण्यात उतरली. तिचे आराखडे घेऊन येणारे ‘जावा’ हे ब्रिटिश जहाज डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने हरवले. आराखडे गेले, काम लांबले. आज कॉन्स्टिट्यूशन बॉस्टनला पाण्यावर आहे आणि त्रिंकोमाली इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे. जिच्यामुळे काम अडले ती आणि जिचे काम अडले ती, दोघी दोनशे वर्षे टिकल्या. त्रिंकोमाली टिकली त्याला सागवान हे एक कारण आहे. ओक खाऱ्या पाण्यात जितक्या लवकर कुजतो तितका सागवान कुजत नाही, शिवाय त्यातल्या तेलामुळे लोखंडी खिळे सहज गंजत नाहीत. लाकडात जन्म घालवलेल्या माणसाला हे सांगताना जरा ऊर भरून येतो, तेवढे चालवून घ्या. दुसरे कारण दोघींनाही लागू, ते असे की त्या त्या गावच्या लोकांनी ठरवले की ही राहिली पाहिजे. हार्टलपूलला आपल्या सागवानाचा काय थेट संबंध होता?

आता वाक्याचा दुसरा भाग: ‘प्रतिसाद अल्प’. इथे माझ्या तक्रारी सांगतो, क्रमाने.

दालनाची वेळ पूर्वी दिवसभर होती. ती सकाळी अकरा ते एक झाली. त्या वेळी शाळा चालू असतात, कचेऱ्या चालू असतात, आणि रविवारी आपले दालन बंद. मग येणार कोण? माझ्यासारखे निवृत्त, आणि उन्हाला कंटाळलेले कुरिअरवाले.

पेट्यांतले दिवे गेले, ते बदलले नाहीत. मी विचारले तर ‘निविदा प्रक्रियेत’ असे उत्तर मिळाले. अंधारात जहाजाचे दोर दिसत नाहीत, आणि दोर दिसले नाहीत तर शिडाचे जहाज म्हणजे नुसता ओंडका.

नावाच्या पाट्यांची अदलाबदल झाली आहे. रंगकामाच्या वेळी सगळ्या काढल्या आणि नंतर कोणी तरी हाताला येतील तशा लावल्या. आज विक्रांतखाली विराटची पाटी आहे. ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या तीन क्षेपणास्त्र नौका, ज्यांनी ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर हल्ला केला आणि ज्यांच्यामुळे आपण नौदल दिन पाळतो, त्यांच्यावर ‘मासेमारी बोटी’ असे लिहिले आहे. मी लेखी कळवले. पोच मिळाली, पाटी तीच आहे.

पावसाळ्यात हवेतला ओलावा आत शिरू नये म्हणून पेट्यांच्या कडांना रबरी पट्ट्या आणि आत सिलिका जेलच्या पुड्या असत. दोन्ही गोष्टी बंद झाल्या. ओलाव्याने लाकूड फुगते, दोर सैल पडतात, सरस सुटतो. एका पेटीच्या तळाला वाळवीची माती मी स्वतः पाहिली. वाळवी आराखडे वाचून थांबत नाही. ती एका पेटीतून दुसरीकडे जाईल. आणि आपण या सगळ्या प्रतिकृती ज्या गोदामात नेणार आहात, त्याच्या भिंतीला ओल आहे हे आपल्याही माणसांना माहीत आहे.

शेवटची तक्रार ‘वासा’च्या टाकीबद्दल. स्वीडनचे वासा हे युद्धनौकांमधले सर्वात शिकवणारे जहाज. चौसष्ट तोफा, सोनेरी कोरीवकाम, आणि १० ऑगस्ट १६२८ ला पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात दीड किलोमीटरही न जाता बुडाले. कारण वर वजन जास्त, खाली भार कमी. बुडण्याआधी त्याची परीक्षाही झाली होती: तीस माणसे डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत धावली, जहाज इतके डोलू लागले की परीक्षाच थांबवली, आणि जहाज मात्र थांबवले नाही. राजाला घाई होती. आपल्या दालनात यासाठी पत्र्याची एक टाकी होती आणि तिच्यात मी केलेला लाकडी सांगाडा. मुलांनी त्यावर नट ठेवायचे. वरच्या मजल्यावर ठेवले की सांगाडा कलंडे, तेच नट तळात ठेवले की तो ढकलला तरी सरळ उभा राही. गुरुत्वमध्य हा शब्द न उच्चारता तो मुलांना कळत असे. टाकी गळते म्हणून काढून टाकली. गळती बुजवायला अर्धा तास आणि थोडे एम-सील लागले असते. मी तयार होतो, मला कोणी विचारले नाही.

जाता जाता: वासा समुद्राच्या तळातून वर काढले ते २४ एप्रिल १९६१ रोजी, म्हणजे विक्रांत दाखल झाल्यावर दीड-पावणेदोन महिन्यांनी. तीनशे तेहतीस वर्षे पाण्याखाली असलेले, पहिल्याच दिवशी बुडालेले, एकही लढाई न लढलेले ते जहाज आज स्टॉकहोमच्या संग्रहालयात उभे आहे. लढलेले आमचे मोटारसायकलीच्या टाकीत गेले.

आपल्यापैकी एका विश्वस्तांनी मला सांगितले की सभागृहात अधूनमधून प्रोजेक्टरवर ‘समुद्राचा अनुभव’ दाखवता येईल, तरुणांना तेच आवडते. आवडत असेल. मला प्रोजेक्टरचा राग नाही. पण भिंतीवरचे जहाज मागून बघता येत नाही. सुकाणूला दोर कुठून येतो, तोफेचे झाकण वर उघडते की बाजूला, हे वाकून, पेटीच्या चारही बाजूंनी फिरून बघावे लागते. आणि लग्नाच्या मुहूर्तांच्या दिवसांत त्या सभागृहात समुद्र दिसेल की साखरपुडा, हे आपण आणि मी दोघेही जाणतो. भाड्याचे उत्पन्न हवे असेल तर तसे सरळ लिहा. मी त्यावरही वाद घालीन, पण निदान पुण्याच्या इतिहासावर त्याचे खापर फोडू नका.

माझ्या मागण्या अशा आहेत.

१. दालन बंद करण्याचा निर्णय मागे घ्यावा. ते जमत नसेल तर किमान एक वर्ष स्थगिती द्यावी आणि या काळात दालन आठवड्यातून दोन संध्याकाळी आणि रविवारी उघडे ठेवून मग प्रतिसाद मोजावा.

२. ‘पुणे शहराशी थेट संबंध नसल्याने’ हे शब्द सूचनेतून काढावेत. निर्णय काहीही होवो, हे शब्द राहता कामा नयेत.

३. एकही प्रतिकृती हलवण्याआधी प्रत्येकीचा फोटो, मोजमाप आणि सद्यस्थिती यांची यादी करावी आणि ती यादी लोकांसाठी खुली ठेवावी. बऱ्याच प्रतिकृती दात्यांनी दिलेल्या आहेत, त्या दात्यांना किंवा त्यांच्या वारसांना लेखी कळवावे.

४. वाळवीचा बंदोबस्त या आठवड्यात करावा. याला बैठक लागत नाही.

५. पाट्या दुरुस्त कराव्यात. मजकूर मी लिहून देतो, नौदलातून निवृत्त झालेल्या कोणाकडूनही तपासून घ्या. पुण्यात असे अधिकारी आणि नौसैनिक शोधायला लांब जावे लागणार नाही.

६. गलबत जिन्याखालून काढून गुराबेशेजारी ठेवावे.

७. वासाची टाकी परत द्यावी. गळती मी बुजवतो.

८. मंडळाची पुढची बैठक खुली घ्यावी आणि आम्हा चार-पाच स्वयंसेवकांना दहा मिनिटे बोलू द्यावे.

वरीलपैकी बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत, आणि ज्यांना लागतात त्यांच्यासाठी वर्गणी काढायची आमची तयारी आहे. हत्यारे माझी, लाकूड माझे. आपल्याकडून हवी आहे ती परवानगी, पेट्यांच्या किल्ल्या आणि लेखी उत्तर. तोंडी उत्तरे मला बरीच मिळाली आहेत.

हे पत्र मी मंडळाच्या कार्यालयात आवक-जावक क्रमांकासह दिले आहे आणि आज ते सर्वांसाठी खुले करत आहे. वाचणाऱ्यांपैकी ज्यांनी दालन पाहिलेले नाही त्यांनी महिनाअखेरच्या आत, अकरा ते एक या वेळेत, जाऊन यावे. जाताना टॉर्च न्या.

कळावे,

आपला नम्र,
दालनाचा एक स्वयंसेवक, निवृत्त पॅटर्न मेकर
पुणे